इंजिनाचा श्वास

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला हवा किती लागत असेल, याचा आपण कधी अंदाज बांधून पाहिला आहे काय? पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे साडेचौदा भाग हवा, असे हे प्रमाण आहे. हवा पडली हलकी. त्यामुळे हिशेबाला बसले की आकडा भलताच निघतो. एका लिटरला जवळजवळ ९,००० लिटर हवा! सहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच अशी एक खोली डोळ्यांपुढे आणा. त्या खोलीतली सगळी हवा इंजिन एका लिटरामागे आत ओढते आणि सायलेन्सरवाटे बाहेर सोडते. पेट्रोलचे पैसे आपण पंपावर मोजून देतो, म्हणून त्याची जाणीव असते. हवा फुकटची; तिच्याकडे कोण लक्ष देतो?

पण लक्ष देणारी माणसे होती आणि आहेत. लहान मालगाडीचा, म्हणजे पिकअपचा, मालक गॅरेजात येतो आणि मिस्त्रीला विचारतो, "हा एअर फिल्टरचा डबा काढून मोठा लावला, नळी जरा रुंद केली, तर गाडी जोर धरेल ना? अ‍ॅव्हरेजही वाढेल ना?" आपल्याकडे या 'पिकअप' शब्दाची गंमतच आहे. मागे उघडा हौदा असलेली गाडीही पिकअप आणि गाडीने चटकन वेग घेणे तेही पिकअप. त्यामुळे 'पिकअपला पिकअप नाही' अशी तक्रार ऐकू आली तर नवल वाटायला नको. तर या मालकाने एका दमात जे विचारले, ते वस्तुतः दोन प्रश्न आहेत. जोर हा एक आणि अ‍ॅव्हरेज हा दुसरा. गेल्या शंभर वर्षांत या दोहोंची उत्तरे कशी वेगवेगळ्या वाटांनी गेली, तेच इथे सांगायचे आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करू. कारण पिकअप ही मूळची तिकडचीच. शेतकरी लोक फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीचा मागचा भाग कापून त्यावर घरचाच लाकडी हौदा ठोकीत. ही हौस पाहून १९२५ च्या एप्रिलात फोर्ड कंपनीने कारखान्यातूनच हौदा बसवलेली गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर, इंजिन २.९ लिटरचे आणि शक्ती अवघी २० अश्वशक्ती. आता या गाडीच्या इंजिनात हवा कशी शिरे ते पाहा. फिल्टर नावाची वस्तू त्या गाडीला नव्हतीच. कार्बोरेटरचे तोंड सरळ मोकळे! उलट एक पत्र्याची नळी होती आणि ती तापलेल्या धूरनळीजवळून ऊन हवा ओढून कार्बोरेटरला देत असे. त्या काळचे पेट्रोल जड, थंडीत त्याची नीट वाफ होत नसे. म्हणून हवा मुद्दाम तापवून घ्यायची. आज 'थंड हवा आत घ्या' म्हणून नळ्या विकणारे दुकानदार हे वाचतील तर चक्रावतील.

पण खरा शत्रू वेगळाच होता. तो म्हणजे धूळ. नांगरलेल्या रानातून इंजिन चालले की मातीतली बारीक वाळू हवेबरोबर आत जाते, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलात कालवली जाते आणि ग्राइंडिंग पेस्टसारखी दोहोंना घासत बसते. मग कॉम्प्रेशन जाते, इंजिन ऑइल खाऊ लागते, निळा धूर सोडते आणि एक दिवस खोलावे लागते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ट्रॅक्टर घेतलेल्या अमेरिकन शेतकऱ्यांनी हा अनुभव भरपूर घेतला. फ्रँक डोनाल्डसन नावाचा ट्रॅक्टर-विक्रेता यूटा प्रांतात असाच एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीसाठी गेला होता. ट्रॅक्टरात खोट नव्हती, खोट होती धुळीत. त्याने तारेच्या पिंजऱ्यावर मऊ कापड गुंडाळून हवेच्या तोंडाशी बसवले आणि १९१५ साली मिनेसोटात एअर क्लीनरचा धंदाच सुरू केला. १९१७ पासून आलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरने निराळा मार्ग धरला. त्यात हवा पाण्यातून नेऊन धुऊन घेत. कल्पना नामी, पण पाणी सारखे भरावे लागणार आणि हिवाळ्यात ते गोठणार, हे उघडच आहे.

पाण्याच्या जागी तेल आले आणि मग मात्र तीस-चाळीस वर्षे त्याचेच राज्य झाले. हा 'ऑइल बाथ' एअर क्लीनर जुन्या ड्रायव्हरांच्या हाताखालून गेलेला आहे. रचना साधीच, पण मोठी युक्तीची. हवा मधल्या पोकळीतून वेगाने खाली येते. खाली वाटीत तेल असते. तेलाला जवळजवळ शिवूनच हवेला एकदम उलटे वळून वर जावे लागते. हवा हलकी, ती वळते. धुळीचा कण जड, त्याला वळणे जमत नाही, तो सरळ तेलात जाऊन पडतो. जे कण चुकारपणे निसटतात ते वरच्या तेलकट तारेच्या जाळीत अडकतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपवर असाच एअर क्लीनर होता. आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांकडे त्या जीपची जुळणी होऊ लागली, तेव्हा त्याच्याबरोबर तोही आपल्याकडे आला. उन्हाळ्यात दख्खनच्या फुफाट्यातून जीप नेणाऱ्याला मग एक व्रतच लागले म्हणा ना. वाटी काढा, गाळ झालेले तेल ओता, वाटी रॉकेलने धुवा, खुणेपर्यंत नवे तेल भरा. खुणेच्या वर भरले तर इंजिन तेच तेल ओढून घेणार. कमी भरले तर धूळ आत. या साधनाचे एक वैगुण्य मात्र होते. हवा वेगाने वाहील तेव्हाच कण बाहेर फेकले जातात. गाडी हळू चालली, इंजिन नुसते गुरगुरत राहिले, की बरीच धूळ निसटून जाई.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते कामाचे आहे. १९४२ च्या आसपास ब्रिटिशांची स्पिटफायर विमाने उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आली. वाळूपासून इंजिन वाचवण्यासाठी नाकाखाली 'व्होक्स' कंपनीचा मोठा थोरला फिल्टर बसवलेला असे. त्याने इंजिन वाचले, पण विमान मंदावले. हनुवटीला गलगंड झाल्यासारखा तो फुगवटा हवेत अडे आणि चढायचा वेगही कमी करी. शत्रूच्या विमानाशी गाठ पडल्यावर ताशी चार-पाच मैलांचा फरक म्हणजे जिवाचा प्रश्न. फिल्टर ठेवावा तर वेग जातो, काढावा तर इंजिन जाते! शेवटी इजिप्तमधल्या आबुकीर येथील दुरुस्ती-कारखान्याने स्वतःच एक लहान, सुटसुटीत फिल्टर घडवला आणि तो 'आबुकीर फिल्टर' म्हणून नावाजला गेला. हवेच्या वाटेत सुधारणा करून खरोखर लाभ झाल्याची जी उदाहरणे आहेत, त्यांत मला हे सर्वांत सरस वाटते. कारण तिथे फिल्टर काढून टाकण्याची पळवाट कोणी घेतली नाही.

१९५० नंतरच्या दशकात घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर आला. राळेत भिजवून कडक केलेला हा कागद वजनाने शंभरातली नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो, आणि तीही इंजिन हळू चालो की जोरात. घड्या कशासाठी? लहान डब्यात कागदाचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढावे म्हणून. क्षेत्र जितके जास्त तितका हवेला अडथळा कमी. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कागदाचा फिल्टर थोडा मळला की धूळ अधिक चांगली अडवतो, कारण साचलेली धूळच पुढच्या धुळीला चाळणी होते.

आता जोराकडे वळू. इंजिनाचा जोर शेवटी आत किती वजनाची हवा कोंबता येते यावर असतो. याचा पुरावा १९१८ साली फार नाट्यमय रीतीने मिळाला आणि त्यात एक मालमोटारही होती. सॅनफर्ड मॉस नावाच्या अमेरिकन इंजिनिअराने विमानाचे 'लिबर्टी' इंजिन ट्रकवर चढवले आणि तो ट्रक कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेला. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे इंजिन त्या विरळ हवेत २३० वर उतरले. मग मॉसने धुराच्या जोरावर फिरणारा पंखा जोडून हवा दाबून आत घातली. आणि तेच इंजिन त्याच शिखरावर ३५६ अश्वशक्ती देऊ लागले. हा आपला टर्बो. त्याचे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने १९०५ सालीच घेतलेले होते, पण डोंगरावर सिद्ध करून दाखवल्यावर लोकांच्या डोळ्यांत भरले.

दाबून नाही तर निदान थंड हवा तरी द्यावी, हा दुसरा उपाय. बॉनेटखालची हवा ६० अंशांची आणि बाहेरची ३० अंशांची धरली, तर बाहेरची हवा जवळजवळ दहा टक्के अधिक दाट असते. म्हणजे एक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना जोरात तेवढ्याच प्रमाणात भर पडू शकते. १९६० च्या दशकात अमेरिकन कारखान्यांनी याचा खेळच मांडला. क्रायस्लरने १९६० साली ३० इंच लांबीच्या हवेच्या नळ्या बसवल्या. झडप मिटताच नळीतली हवा आदळून मागे फिरते; ती लाट परत येईपर्यंत झडप पुन्हा उघडलेली असावी, असे लांबीचे गणित. १९६४ च्या फोर्ड थंडरबोल्टमध्ये तर आतल्या बाजूचे दोन दिवे काढून त्या भोकांतूनच हवा घेतली! आणि पिकअपही मागे राहिली नाही. १९७८ साली डॉजने 'लिल रेड एक्स्प्रेस' नावाची लाल पिकअप काढली. ५.९ लिटरचे इंजिन, केबिनमागे उभ्या दोन चकचकीत धूरनळ्या आणि रेडिएटरच्या पुढून थंड हवा आणणारा दोन सोंडांचा एअर क्लीनर. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाच्या चाचणीत ताशी १०० मैलांचा वेग गाठण्यात त्या सालच्या भल्याभल्या अमेरिकन मोटारींना तिने मागे टाकले. तिच्या वजनाच्या वर्गाला त्या वर्षी धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे नव्हते, हेही त्यामागचे एक कारण. पण ती गाडी पेट्रोल वाचवते, असे कोणी कधी म्हटले नाही. हे लक्षात ठेवा.

मग अ‍ॅव्हरेजची गोष्ट या सगळ्यात शिरली कुठून? एक उगम कार्बोरेटरात आहे. जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी बाहेरच्या हवेला उघडी असे. फिल्टर चोंदला की पुढे ओढ वाढते, वाटीवर मात्र बाहेरचा पुरा दाब. मग पेट्रोल गरजेपेक्षा अधिक उसळते. चोक ओढून गाडी चालवल्यासारखेच ते. अशा गाडीचा फिल्टर बदलला की पेट्रोल खरोखर वाचे. जुन्या मिस्त्रींचे म्हणणे खोटे नव्हते, आपापल्या काळापुरते ते बरोबर होते.

दुसरा उगम १९७३ च्या ऑक्टोबरातला. अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली. या वेगमर्यादेने इंधन वाचत होते. पण हळू चाला हे कोणाला आवडते? त्याऐवजी लोक चमत्कार शोधू लागले. कोणी मॅनिफोल्डला भोक पाडून जादा हवा देणारी तोटी विके, कोणी हवेला भोवऱ्यासारखी फिरवणारी पाती. हा बाजार तसा जुनाच होता. १९३० च्या दशकात कॅनडातल्या चार्ल्स पोग याच्या कार्बोरेटरने एका गॅलनात २०० मैलांची वदंता उठवली होती आणि ती कथा अजून मरत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पुढे अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. लक्षात येण्याजोगी बचत करणारे त्यांत एकही निघाले नाही. थोड्या उपकरणांनी किंचित फायदा दाखवला, पण त्यातल्या काहींनी धूर बिघडवला.

याच सुमारास इंजिनाच्या आत एक निराळीच उलथापालथ चालू होती. १९७६ साली व्होल्वोच्या मोटारींत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला. धुरात प्राणवायू किती उरला हे तो सारखे चाखत राहतो, आणि त्यावरून आत पेट्रोल किती सोडायचे ते यंत्रच ठरवते. मग हवा मोजणारी तापलेली तार आली, इंजेक्शन आले, कार्बोरेटर अडगळीत गेला. आता फिल्टर चोंदून हवा कमी आली तर यंत्र पेट्रोलही तेवढेच कमी सोडते. साडेचौदाला एक हे प्रमाण ढळत नाही. जुनी उधळपट्टी मुळातूनच संपली.

बरं, तरीही एखादा विचारील की वाट मोकळी केली तर इंजिनाचे ओढण्याचे कष्ट तरी वाचतील ना? इथे खरी मेख आहे. पेट्रोल इंजिनाच्या तोंडाशी थ्रॉटलची झडप असते. आपण रस्त्याने सावकाश चाललो असतो तेव्हा ती बहुतांशी मिटलेली असते आणि तिच्या पलीकडे हवेचा दाब जेमतेम निम्मा उरतो. म्हणजे शंभरातला पन्नास अडथळा आपणच पायाने घातलेला असतो. स्वच्छ फिल्टरचा अडथळा त्यापुढे एक किंवा दोन. वाड्याचा दिंडी दरवाजा रुंद केला, पण माजघराचे दार अर्धे लोटलेलेच ठेवले, तर आत वारा जास्त कसा येईल? फिल्टर मोकळा केला की ड्रायव्हर तोच वेग ठेवण्यासाठी नकळत एक्सिलरेटर केसभर सोडतो. बाहेर वाचले ते थ्रॉटलवर खर्ची पडते. एवढेच नव्हे, सावकाश चालीत ऊन हवाच अ‍ॅव्हरेजला थोडी सोयीची. विरळ असल्यामुळे थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. 'मॉडेल टी'ची ती पत्र्याची नळी आठवते ना?

२००९ साली अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने हे मोजून दाखवले. इंजेक्शनच्या गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवले आणि रोलरवर चालवून पाहिल्या. अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पूर्ण जोराने वेग घेताना मात्र गाडी रेंगाळली. चोंदलेला फिल्टर बदलल्यावर वेग घेण्यात ६ ते ११ टक्क्यांची सुधारणा होऊ शकते, असे तिकडच्या सरकारी माहितीत दिलेले आहे. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना मात्र २ ते ६ टक्के पेट्रोल वाचू शकते. फिल्टर अगदी बुजलेलाच असेल तर १४ टक्क्यांपर्यंत.

आपल्याकडच्या पिकअप बहुतेक डिझेलच्या, तेव्हा त्यांचेही सांगायला हवे. साध्या डिझेल इंजिनाला वेग आवरण्यासाठी थ्रॉटल लागत नाही. हवा नेहमी पुरी येते आणि जोर ठरतो तो डिझेल किती सोडले यावर. हवा खरोखर अडली तर डिझेल अर्धवट जळून काळा धूर निघतो, घाटात गाडी दमते आणि अ‍ॅव्हरेजही पडते. पण ही गोष्ट बुजलेल्या फिल्टरची. कारखान्याचा फिल्टर स्वच्छ असेल तर त्याजागी हजारो रुपयांचा मोकळा फिल्टर लावून टर्बो डिझेलला फारसे काही मिळत नाही. किंचित अडथळा असला तर टर्बो थोडा जास्त फिरून भरून काढतो.

तरीही बदल केलेले लोक फायदा झाल्याचे शपथेवर सांगतात, आणि ते खोटे बोलतात असे मला वाटत नाही. कारखान्याचा एअर फिल्टरचा डबा हवेचा आवाजही दाबत असतो. तो काढला की इंजिन घोरल्यासारखे गरजू लागते आणि कानाला वाटते, जोर वाढला. शिवाय खर्च केल्यावर माणूस पुढच्या दोन टाक्या जरा जपून चालवतो, चाकांत हवा पाहून घेतो. अ‍ॅव्हरेज एखादा किलोमीटर वाढणारच. श्रेय नळीला मिळते. कापडी, तेल लावून पुन्हा वापरण्याचे फिल्टर कॅलिफोर्नियातून १९६९ पासून जगभर गेले. शर्यतीत, जिथे एक्सिलरेटर दाबलेलाच असतो आणि इंजिन दर हंगामाला खोलले जाते, तिथे त्यांचे मोल आहे. पण ऊस नाही तर खडी वाहणाऱ्या गाडीला मोकळ्या फिल्टरमधून जाणारी चिमूटभर जादा धूळ परवडणारी नसते. आणि तेल जास्त लावले गेले तर ते हवा मोजणाऱ्या तारेवर जाऊन बसण्याची धास्ती निराळीच.

पिकअपवर हात चालवायचाच असेल तर फिल्टरच्या पलीकडे पाहावे. फिल्टर आणि टर्बो यांमधल्या रबरी नळीला भेग आहे का, पट्टा सैल झाला आहे का, डब्याचे झाकण नीट बसते का. तिथून शिरणारी हवा गाळलेली नसते. बोट फिरवून नळीच्या आत मातीची भुकटी लागली तर समजावे की फिल्टर कितीही चांगला असो, धुळीला दुसरे दार सापडले आहे. मोठ्या ट्रकांच्या एअर क्लीनरवर एक लहानशी पारदर्शक नळी असते. फिल्टर खरोखर चोंदला की तिच्यात लाल पट्टी वर येते. ही लाल पट्टी दिसेपर्यंत फिल्टर काढून आपटू नये. आपटल्याने घड्यांना चीर जाते, आणि डबा उघडला की काठावरची धूळ थेट स्वच्छ बाजूला पडते. अशी सूचक नळी थोडक्या पैशांत पिकअपलाही बसवता येते.